पाव म्हणजे रिकामी

सरदारभाईच्या आणि माझ्या दुकानाच्या मधे एक पत्रा हाय. भिंत न्हाई, नुसता पत्रा. तो तिकडं खोकला की मला इकडं कळतं, आणि मी इकडं कोणावर डाफरलो की तो तिकडून म्हणतो, "मलप्पा, हळू. बीपी वाढंल." सत्तावीस वर्षं असं चाललंय. मी निलंग्याकडचा, गाड्यांच्या सीटा शिवतो. तो पार आज्या-पणज्यापासून लातूरचा, गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. करायचा म्हणा. आता त्याच्याकडं कोणी येत न्हाई, आणि का येत न्हाई ते मला माहीत हाय. सांगू नको म्हणून त्यानं मला बजावलंय, पण माणसानं पोटात तरी किती ठेवायचं. फक्त दयानंद सरांच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढं पाळा.

मीटर म्हणजे डॅशबोर्डावरचे काटे. स्पीडचा, पेट्रोलचा, इंजिनाच्या गरमीचा, बॅटरीचा. काच उतरवायची, सुई उचलायची, आतली केसासारखी वायर तुटली असंल तर कथलाचा डाग देऊन जोडायची, आकडे उडाले असतील तर बारीक ब्रशनं परत काढायचे. उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून हा माणूस बसायचा तो बसायचाच. सकाळी शटर वर करताना रोज म्हणायचा, "आज अंगात काही न्हाई, मलप्पा." आणि संध्याकाळपर्यंत मान वर करत नव्हता. मला त्याचा लई राग यायचा. अंगात काही न्हाई तर घरी झोप की. जोहराभाभी म्हणायच्या, हा निकाहाच्या दिवशीपण थकलेलाच होता.

आता त्या काळी सुटा भाग मिळायचा कुठं? हैदराबादला जा, तिथं न्हाई मिळाला तर मुंबईला चिठ्ठी पाठवा, दोन महिने वाट बघत बसा. गिऱ्हाईक म्हणायचं, सरदारमियाँ, लग्नसराई हाय, कसंही करून चालू करून द्या. मग हा दुसऱ्याच गाडीचा काटा आत बसवायचा, आणि जो फरक पडायचा तो तोंडी सांगायचा. एकाची जीप होती, तिचा काटा साठवर गेला की पन्नास समजायचे. एक टॅक्सी होती, तिचा गरमीचा काटा लालमध्ये गेला तरी चालायचं, मधोमध आला की खाली उतरून पाणी बघायचं. अख्ख्या लातुरातल्या गाड्या अशा तोंडी गणितावर पळत होत्या. ड्रायव्हर बदलला की जुना नव्याच्या हातात किल्ली देतानाच हे सगळं सांगायचा. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलापण वाटलं न्हाई, उगाच आता शहाणपणा कशाला करू.

नव्वद साली दगडोबा पाटील त्यांची मोटार घेऊन आले. किल्लारीच्या बाजूला, तेरणेच्या काठी त्यांचं गाव. मोटार चोपन्न सालची, विलायती, हिरवी, गोल पाठीची. त्यांच्या वडलांनी हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या घरातून घेतलेली. पाटील ती स्वतः चालवायचे आणि दुसऱ्या कोणाला स्टेअरिंगला हात लावू द्यायचे न्हाईत. पेट्रोलचा काटा मेला होता. सरदारभाईनं जीपमधला काटा काढून जुन्या डायलमागं बसवला. काटा चालू झाला, पण टाकी पार कोरडी झाली तरी सुई पाव टाकीच्या खुणेखाली उतरेना. चार दिवस खटपट केली त्यानं, मग हात टेकले. मी तेव्हा त्याच गाडीची मागची सीट शिवत होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलंय. "पाटील, पाव म्हणजे रिकामी. पावावर आली की पंप गाठायचा." दोनदा सांगितलं. पाटील हसले. म्हणाले, "म्हणजे आमची टाकी कधी रिकामी दिसणारच न्हाई. बरं हाय, घरचे खूष राहतील."

पुढं त्र्याण्णवचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती. लातुरात आम्ही लेकरं काखेत मारून रस्त्यावर आलो आणि आम्हाला वाटलं आपल्यावरच आलंय. दिवस उगवल्यावर तिकडच्या गावांची बातमी आली तेव्हा बोलती बंद झाली. जखमी माणसं दवाखान्यात फरशीवर पडली होती. मी दुकानातला होता नव्हता तेवढा फोम कापून त्यांच्या अंगाखाली दिला, सरदारभाई तीन दिवस दारात पाणी पाजत होता. पाटलांच्या बायको केवळाबाई गेल्या आणि पाटलांचा एक पाय अधू झाला, एवढं नंतर कानावर आलं. घराघरातून माणसं गेली होती. कोण कसं गेलं हे कोण विचारत बसतंय.

मग लातूर बदललं. बारावीच्या पोरांचा लोंढा सुरू झाला, नांदेडहून, हिमायतनगरहून, कुठून कुठून. जिथं गॅरेज होती तिथं क्लास झाले, वर होस्टेल, खाली मेस. आमच्या लाइनीत सात गॅरेज होती, दोन उरली. नव्या गाड्यांचे मीटर तर उघडायचेच नसतात म्हणे, बिघडलं की अख्खं फेकून द्यायचं. सरदारभाईपुढं दिवसाला एखादा काटा यायचा, कधी तोपण न्हाई. तरी रोज शटर वर करायचा आणि तेच म्हणायचा, अंगात काही न्हाई.

दोन हजार आठच्या मे महिन्यात एका टेम्पोवर ताडपत्री टाकून ती हिरवी मोटार परत आमच्या दारात आली. बरोबर दगडोबा पाटलांचा मुलगा, दयानंद. आता दयानंद सर. फिजिक्स शिकवायचे, क्लास लई जोरात, पण माणूस असा तापट की पोरं त्यांना टरकून असायची. सरदारभाईनं गाडी बघताक्षणी ओळखली, मी पण. सरांनी मात्र आम्हाला कधी बघितलेलं नव्हतं. मीटरवाला म्हणून कोणीतरी पत्ता दिला आणि ते आले.

"चाचा," सर म्हणाले, "नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गाडी दारात उभी करायची हाय, असं मी सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण दुसरं हाय. पेट्रोलचा काटा उघडा आणि मला सांगा, तो खरं दाखवत होता का खोटं."

"कामून, सर?"

मग ते उभ्या उभ्या बोलले. मी पत्र्याच्या अलीकडं सुई हातात धरून ऐकत होतो.

"भूकंप झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आईला ढिगातून काढलं, श्वास चालू होता. तात्या अजून आतच होते. लोक म्हणाले, त्यांना आम्ही काढतो, तू आईला घेऊन लातूर गाठ. मी ट्रॅक्टर चालवायचो, मोटार कधी चालवली नव्हती, तरी काढली. काटा पावावर होता. चाचा, मी बघितला होता. वाटेत पंप लागला, उघडा होता, माणसं कॅन भरून नेत होती. पाव टाकीत लातूर येतं म्हणून मी थांबलो न्हाई. औशाच्या अलीकडं गाडी बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. पाऊण तासानं एक ट्रक आला, तोपर्यंत आई गेली होती."

सरदारभाईनं स्टूल पुढं सरकवलं, सर बसले न्हाईत.

"तात्या म्हणतात, तू बघितलंच न्हाईस, घाबरला होतास. पंधरा वर्षं म्हणतात. सगळी भावकी म्हणते. आता मलाच वाटायला लागलंय की बघितला नसंल. रोज चारशे पोरांना सांगतो, रीडिंग नीट घ्या. आणि माझ्याच रीडिंगवर माझा भरवसा न्हाई. मी स्वतः उघडला असता तो काटा. तीनदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो, हात जात न्हाई."

"आठ दिवस द्या," सरदारभाई म्हणाला.

सर गेले आणि मी पत्र्याला वळसा घालून पलीकडं गेलो. म्हटलं, "तेव्हाच का न्हाई बोललास रे? तोंडात काय गूळ धरला होतास?"

"जीभ वळली न्हाई, मलप्पा."

दुसऱ्या दिवशी त्यानं काटा उघडला. आत जीपचाच काटा होता, त्यावर त्याच्याच हातचा डाग. भिंग काढून त्यानं डोळे चोळले. म्हणाला, "आठव्या दिवशी सांगतो. काटा मी चुकीचा बसवला, पाटलांना तोंडी सांगितलं, पाटलांनी पोराला सांगितलं न्हाई. पोराची चूक न्हाई. एवढंच तर हाय." मलाही ते सरळ वाटलं. त्या पोराच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता, आणखी काय पाहिजे.

पाचव्या दिवशी दुपारी रिक्षातून दगडोबा पाटील उतरले. काठी टेकत, एक पाय ओढत. मला वाटलं शिव्या द्यायला आले. मी आपला आधीच बाह्या सारून उभा राहिलो. पण ते स्टुलावर बसले आणि त्यांनी गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सरदारमियाँ, काटा उघडला का?"

"उघडला, पाटील."

"मग त्याला सांगा, आत सगळं गंजलंय, काही कळत न्हाई."

मी पुढं झालो. म्हटलं, "पाटील, तुम्हाला पावाचं सांगितलं होतं. माझ्या समोर सांगितलं होतं, दोनदा."

"हाव," पाटील म्हणाले. "सांगितलं होतं. मी कुठं न्हाई म्हणतो." मग सरदारभाईकडं बघून बोलायला लागले. "गाडी मीच चालवायचो, दुसऱ्याला सांगायची वेळच आली न्हाई. मला ढिगातून काढलं, ती गेल्याचं सांगितलं. टिनच्या शेडमध्ये पडलो होतो, पाय ठणकत होता, आणि भावकी गोळा झाली होती. रागात बोलून गेलो, पोरानं पेट्रोल बघितलं न्हाई म्हणून. पावाचं मला दोन दिवसांनी आठवलं. तवर सगळीकडं झालं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा वर्षं गेली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि पोराचं काय, पाटील?" सरदारभाईनं विचारलं.

"त्याला आता सवय झालीय."

खरं सांगतो, मी त्या माणसाचा पाय बघितला नसता तर हात उचलला असता. सवय झालीय म्हणे. पण पाटील रडायला लागले होते, उपरण्यानं तोंड झाकून, म्हातारी माणसं रडतात तसं आवाज न करता. "त्याला कळलं तर तो माझं तोंड बघणार न्हाई, सरदारमियाँ. माझं दुसरं कोण हाय?"

"बघतो," सरदारभाई म्हणाला. त्यानं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं.

पुढचे तीन दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. गंजलंय म्हणून सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार न्हाई, असंपण म्हटलं. तो बाकीचे काटे साफ करत होता. स्पीडचा, बॅटरीचा, एकेक आकडा पांढऱ्या रंगानं काढत होता. माझं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "गंजलंय म्हणणार न्हाई. पण लई थकलो, मलप्पा." मी म्हणायचो, तू कधी थकलेला नव्हतास ते सांग.

आठव्या दिवशी सर आले, बरोबर पाटीलही. घरी थांबा म्हटलं तरी ऐकेनात म्हणे. मी काम टाकून पलीकडं जाऊन उभा राहिलो. सरदारभाईनं तो जुना काटा फडक्यावर ठेवला होता. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगतो आणि पेट्रोल उतरलं की खाली जातो तो, त्यानं वायरीनं काट्याला जोडला. बॅटरी लावली. फ्लोटची दांडी वर धरली, सुई भरलेल्यावर गेली. दांडी हळूहळू खाली आणली, पार तळाला टेकवली. सुई उतरत उतरत पावावर आली आणि थांबली.

"टाकी रिकामी हाय, सर," सरदारभाई म्हणाला. "काटा पाव दाखवतो. तुम्ही बरोबर बघितलं होतं."

सर त्या सुईकडं बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी स्वतः दांडी वर केली, खाली केली. तीनदा केली. तिन्ही वेळा सुई पावावर थांबली. आणि तो एवढा मोठा माणूस आमच्या तेलकट फरशीवर मटकन बसला. पाटील काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"कोणी बसवला हा?" सरांनी विचारलं.

"मी. नव्वद साली. जीपचा हाय."

सर उठले. एकदा वडलांकडं बघितलं, एकदा सरदारभाईकडं. "तात्यांना माहीत होतं हे?"

आता ऐका. मी पाटलांकडं बघत होतो. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. माझ्या मनात आलं, बोला, आता तरी बोला.

"न्हाई," सरदारभाई म्हणाला. "मी सांगितलंच न्हाई. पाव म्हणजे रिकामी, एवढं सांगायचं होतं. कामाच्या गडबडीत विसरलो. चूक माझी हाय."

माझं तोंड उघडलं. त्यानं माझ्या मनगटाला धरलं, असं घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. त्याच्या अंगात एवढा जोर हाय हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

सरांनी त्याला शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्यामुळं माझी आई गेली, चाचा. आणि पंधरा वर्षं मी समजलो, माझ्यामुळं." मग वडलांकडं वळले. "तात्या, ऐकलंत का?"

"ऐकलं," पाटील म्हणाले. मला वाटलं आता सांगतात. ते पुढं आले, सरदारभाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे, दया. माणूस चुकतो. मी माफ केलं ह्यांना."

सरदारभाईनं मान खाली घातली. "मेहरबानी, पाटील," म्हणाला.

बाप-लेक गेले. जाताना सरांनी वडलांचा हात धरला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच धरला असंल, कारण पाटलांना कसं चालायचं ते कळत नव्हतं. मी सरदारभाईला जे बोललो ते इथं सांगण्यासारखं न्हाई. शेवटी म्हटलं, खोटं कामून बोललास? आपलं नाव मातीत घालून त्या म्हाताऱ्याला देव केलंस.

"तू पाटलांकडं बघत होतास," तो म्हणाला. "मी सरांकडं. तात्यांना माहीत होतं का, असं विचारलं त्यानं, तेव्हा त्याचं तोंड तू बघितलं न्हाईस. नको म्हणा, नको म्हणा, असं तोंड होतं ते. आई गेली त्याची. एक बाप उरलाय. मिस्तरी काय, दुसरा मिळतो."

"पण तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. पण काटा बरोबर बसवला नव्हता. तोंडानं सांगून काटा बरोबर होतो का, मलप्पा?" आणि तो पसारा आवरायला लागला.

सरांनी नाव कुठं घेतलं न्हाई, तेवढं त्यांचं मोठेपण. नाव घेतलं पाटलांनी. उद्घाटनाला जमलेल्या भावकीत, गाडी बघायला आलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यांत, हॉटेलात. पंधरा वर्षांपूर्वी पोराचं सांगितलं होतं तसंच. दिवाळीपर्यंत सरदारभाईकडं येणारं शेवटचं गिऱ्हाईकही तुटलं. तो शटर वर करतो, बसतो, दुपारी माझ्याकडं येऊन चहा घेतो. अंगात काही न्हाई असं आता म्हणत न्हाई.

यंदा माझी नात दीपमाला अकरावीला सरांच्या क्लासला लागली. गेल्या महिन्यात माझा डबा घेऊन दुकानात आली तेव्हा सरदारभाई तिथंच होता, चहाचा ग्लास हातात. ती फणफणत आली होती. "आजोबा, सरांनी आज त्यांच्या आईचं सांगितलं. एका मिस्तरीनं गाडीला चुकीचा काटा बसवला आणि सांगायचं विसरला, म्हणून त्या गेल्या. दुसऱ्याचा जीव जाईल एवढं कळत न्हाई? आणि सरांच्या वडलांनी त्याला माफ केलं म्हणे. लई देवमाणूस."

मी सुई फोममध्ये खुपसली ती तुटली.

"सर कसे हायेत आता?" सरदारभाईनं विचारलं.

"चांगले हायेत, चाचा. रविवारी वडलांना गाडीत बसवून फिरवून आणतात. चाचा, तुम्ही पण मीटरचंच काम करता ना? तुम्हाला माहीत असंल तो मिस्तरी."

"माहीत हाय."

"काय करून राहिला तो आता?"

"काही न्हाई, बाई," सरदारभाई म्हणाला. "बसून राहिलाय." मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि तिला विचारलं, फिजिक्सचे किती धडे झाले.